केळीची साल आणि कलिंगडाचा गर : पुंजकणांच्या उजेडाविषयी मराठीत लिहिताना

इतवाऱ्यात राहणारे आम्ही मराठी लोक वाराला रविवारच म्हणतो, पण वस्तीचे नाव इतवाराच राहते. माझ्या वर्गातील मुलांचेही तसेच आहे. घरी मराठी आणि विज्ञान हिंदीतून. त्यांना ‘अर्धचालक’ ठाऊक असतो, विश्वकोशातला ‘अर्धसंवाहक’ परका वाटतो. ‘पुंज’ म्हटले की त्यांना हिंदीतला प्रकाशपुंज, म्हणजे उजेडाचा झोत, आठवतो. मराठीत मात्र तो ‘क्वांटम’चा प्रतिशब्द आहे.

गेल्या सत्रात वैज्ञानिक गद्याच्या सरावासाठी मी पुंजकण हा विषय दिला. एकिमॉव्ह, ब्रूस आणि बावेंडी यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. हे कण अर्धसंवाहकाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक असतात आणि द्रवात तरंगत राहतात, म्हणून ते कलिल. (गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाला जोडून आलेला शब्द तो हाच.) कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर उजेड देतो, सहाचा लाल. पदार्थ तोच असतो, फक्त आकार बदलतो.

उजेड येतो तो असा : बाहेरून ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि मागे रिकामी जागा राहते. तो पुन्हा त्या जागेत उतरला की प्रकाश बाहेर पडतो. पण कण इतका लहान, की त्याचे पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच असतात आणि त्यांचे काही बंध उघडे राहतात. इलेक्ट्रॉन तिथे अडकला, तर ऊर्जा बहुधा उष्णता होऊन जाते. म्हणून कणाभोवती दुसऱ्या अर्धसंवाहकाचा थर चढवतात. 1996 मध्ये हाइन्स आणि गियो-सिओने यांनी झिंक सल्फाइडचा थर दिला, तेव्हा शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे सुमारे पन्नास परत मिळू लागले.

या थराला मी फळ्यावर ‘कवच’ म्हटले. एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, “कवच जितके कठीण आणि वेगळे, तितका लेसर चांगला.” वाक्य सुबक होते. मी त्याला बरोबरची खूण केली. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने वही चाळली आणि म्हणाला, “मॅडम, हे उलटे झाले.” चूक तिची नव्हती. आपल्याकडे कवच म्हणजे घाव अडवणारी, अंगाहून निराळी वस्तू. माझ्या शब्दाने जे सुचवले तेच तिने नीट पुढे नेले.

दिव्यासाठी एका कणात एक जोडी, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आणि एक रिकामी जागा, पुरते. लेसरला ते भागत नाही. आत येणारा प्रकाश वाढून बाहेर पडायचा, तर कणामागे सरासरी एकाहून अधिक जोड्या हव्यात. एवढ्याशा जागेत दोन जोड्या कोंडल्या, की एक जोडी आपली ऊर्जा प्रकाशात न देता शेजारच्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकते. हीच ओझे प्रक्रिया. ती काही दशक ते काही शतक पिकोसेकंदांत उरकते; प्रकाश पडायला मात्र नॅनोसेकंद लागतात. थर जाड केल्याने थोडी मदत होते. पण गाभा आणि थर यांची सीमा जितकी तुटक, तितकी ही गळती जोरात. म्हणून लॉस अलामॉसच्या क्लिमॉव्ह यांच्या गटाने कॅडमियम हळूहळू कमी आणि झिंक हळूहळू जास्त होत जाईल असा थर घडवला. 2018 मध्ये त्यांना थेट विजेच्या प्रवाहाने प्रकाशवर्धन साधले. 2023 मध्ये विजेवरच वर्धित उत्सर्जनही दिसले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात केळे आणि कलिंगडाची फोड घेऊन गेले. केळ्याची साल एका ओढीत सुटते. कलिंगडाचा लाल गर फिकट होत पांढऱ्यात उतरतो. लाल कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. 1996 चा कण केळ्यासारखा, 2018 चा कलिंगडासारखा. बऱ्हाणपुरात केळ्याची उपमा समजावून सांगावी लागत नाही.

उपमेची हद्दही मुलांकडूनच काढून घेतली. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांत मँगनीज घालण्याची पाण्यातली पद्धत प्रसिद्ध केली. अशा कणांत स्फटिकाने घेतलेली ऊर्जा मँगनीजकडे जाते आणि नारिंगी उजेड येतो. पाठ्यपुस्तकी ‘अशुद्धी’ इथे मला खटकते, कारण उजेड तिच्यामुळेच आहे. एकाने ‘विरजण’ सुचवले. शब्द गोड, पण विरजण सगळ्या दुधात पसरते. मँगनीजचा अणू घातला तिथेच राहतो. शेवटी आम्ही ‘चिमूटभर मँगनीज’ असे साधे लिहिले.

त्या विद्यार्थिनीने वाक्य पुन्हा लिहून आणले : “थर गाभ्यात जितका हळू मिसळत जाईल, तितकी लेसरची आशा जास्त.” ‘आशा’ शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. मग ती पुसून टाकली.