दिवा बघू नये, उजेड बघावा

दिवाळी महिन्यावर आली की मला फोन सुरू होतात. "जुन्यातला एखादा छान दिवा घ्यायचाय, कुठे मिळेल?" मी उलट विचारते, "लावणार कुठे?" बहुतेकांनी ते ठरवलेलंच नसतं. दिवा किती जुना, कुठल्या वाड्यातला, पितळ की कासं, इथेच सगळी चौकशी संपते. जुने दिवे धुंडाळण्यात, दुरुस्त करून घेण्यात आणि त्यांच्यावरून घरच्यांची बोलणी खाण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून जे पक्कं झालं, ते क्रमाने सांगते.

१. आधी जागा ठरवा, मग दिवा

प्रत्येक घाटाचा उजेड वेगळा पडतो. समईच्या वाती तबकाच्या कडेला जळतात. उजेड आडवा आणि वर जातो, खाली तबकाची सावली पडते. देवघराच्या कोनाड्यात तो उजेड मूर्तीच्या चेहऱ्यावर येतो, म्हणून तिथे समई शोभते. तीच समई वाचायच्या खुर्चीशेजारी ठेवली तर पुस्तक अंधारात आणि छत उजळलेलं. रॉकेलच्या जुन्या टेबललॅम्पला दुधी काचेची टोपी असते, ती उजेड खाली ढकलते. वाचायला तो बरा. टांगायच्या हंडीचा उजेड चहूबाजूंनी सारखा पसरतो, म्हणून ती जिन्यात किंवा व्हरांड्यात छान.

संध्याकाळी त्या कोपऱ्यात जाऊन बसा आणि आपल्याला काय दिसायला हवंय ते ठरवा: पुस्तक, भिंतीवरचं चित्र, की समोरच्या माणसाचा चेहरा? टेप घेऊन मापं काढा. जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा टेबलापासून साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर उंच हवा. वाचायच्या दिव्याच्या टोपीची खालची कड बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला यावी, नाहीतर बल्ब डोळ्यांत खुपतो. ही मापं खिशात असली की बाजारातल्या निम्म्या दिव्यांना आपोआप नकार देता येतो.

२. विकत घेण्याआधी फुकटात डोळा तयार करा

पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव फिरून जमवलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. तिथली दिव्यांची दालनं निवांत बघा. तिकिटाचे पैसे पडतात खरे, पण फसव्या दिव्यावर उधळण्यापेक्षा ते फुकटच म्हणायचे.

तिथे घाटापेक्षा करामत बघायला शिका. दख्खनच्या काही लामणदिव्यांत हत्तीच्या किंवा पक्ष्याच्या पोटात तेल भरायची सोय असे. तबकातलं तेल खाली गेलं की पोटात हवा शिरते आणि तेवढंच तेल खाली उतरतं. तबक पुन्हा भरलं की हवेची वाट बंद, तेलही बंद. हे एकदा समजलं की बाजारात 'जुना लामणदिवा' म्हणून पुढे केलेला हत्ती आपण उलटा करून बघतो. पोट भरीव आणि तेलाला वाट नाही? मग तो शोभेचा हत्ती. वाईट नव्हे, पण भावही शोभेचाच द्यायचा.

३. बाजाराचे वार पाळा

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवरची पुराणवस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर माल मांडलेला असतो. दुकानात निवड चांगली, रस्त्यावर भाव चांगला. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजं मोडायचा धंदा जुना. गुजरातेतल्या अलंगहूनही जहाजांवरचे दिवे इकडे येतात.

कुठेही गेलात तरी वजन आधी विचारा. पितळेचा मोडीचा भाव माहीत असला की विकणारा धातूचे किती मागतोय आणि कारागिरीचे किती, हा हिशेब तिथल्या तिथे होतो. आणि सकाळी जा. दिवसाच्या उजेडात डाग, सांधे, भेगा लपत नाहीत.

४. पितळेला बोलतं करा

खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. मग स्क्रू बघावेत. अधिकच्या खुणेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात आला. 'शंभर वर्षांच्या' दिव्याला तो दिसला, तर निदान दुरुस्ती तरी अलीकडची आहे. झीज कुठे झालीय तेही बघा. रोज हात लागतो तिथे, म्हणजे दांड्याच्या मध्यावर, कड्याच्या आतल्या बाजूला, तबकाच्या ओठावर, नक्षी गुळगुळीत झालेली असते. सगळीकडे सारखा काळपटपणा आणि नक्षीच्या खाचांत हिरवी भुकटी दिसली, तर ते वय बहुधा आम्लाच्या बाटलीतून आलेलं असतं.

एकदा जुन्या बाजारात एक उंच समई दिसली. विक्रेता म्हणाला, "ताई, पेशवाईतली आहे. डोळे झाकून घ्या."

"उघडे ठेवूनच घेते, भाऊ. जरा दांडा सोडवून दाखवता?"

त्याने कुरकुरत आटे सोडवले. बैठकीचं पितळ तांबूस, तबकाचं पिवळंधमक. बैठकीचे आटे झिजून बोथट झालेले, दांड्याचे मात्र नुकते पाडल्यासारखे धारदार, आणि सांधा घट्ट बसावा म्हणून आत कापडाची पट्टी गुंडाळलेली. वरचा मोर तिसऱ्याच घराण्यातला. तीन समया मिळून एक झाली होती.

"पेशवाईतली कुठली बाजू?" मी विचारलं. तोही हसला आणि मोडीच्या भावावर आला. मी ती घेतली. मला जमिनीवर ठेवून मांडीच्या वर ज्योत येईल अशीच समई हवी होती आणि हिची उंची बरोबर होती. जोडकाम आहे हे माहीत असताना, जोडकामाच्या भावात घेतलेल्या वस्तूला खोटं कसं म्हणायचं?

५. काच म्हणजे निम्मा दिवा

रॉकेलच्या दिव्यात काच शोभेची नसते. ती धुराड्याचं काम करते. खालून हवा ओढते, म्हणून ज्योत स्थिर आणि पांढरट जळते. काच फुटलेला दिवा 'स्वस्तात' मिळतो, पण त्या मापाची काच मिळेपर्यंत तो फळीवर धूळ खातो. बर्नरच्या कड्याचा आतला व्यास मोजून ठेवा आणि काच शोधताना तेच माप सांगा.

जुन्या हातफुंकी काचेत बुडबुडे असतात, जाडी कमीजास्त असते आणि हंडीच्या बुडाशी नळी मोडल्याची किंवा ती घासून काढल्याची खूण असते. पितळी कडं काढायला लावून काचेची कड बघा. टवके बहुधा तिथेच लपवलेले असतात. रंगीत हंडी असेल तर टवक्यात डोकावा. रंग काचेच्या अंगात आहे की वरून फवारलाय, ते तिथे कळतं.

परदेशी काचेचंच कौतुक करू नका. स्वदेशीच्या लाटेत १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि ती जागा ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. चांगल्या स्थितीतला प्रभाकर दिसला तर मी बेल्जियमची हंडी सोडून तो आधी उचलीन. आपल्याकडच्या पडवीत, ओसरीत, गोठ्यात फिरवायला तो केलेला होता. आज बाल्कनीत टांगला तरी परका वाटत नाही.

६. कोरलेली अक्षरं वाचा, पण सगळ्यांवर सारखा विश्वास नको

रेल्वेच्या गार्डाचे हातदिवे लोकांना फार आवडतात. आत लाल-हिरव्या काचा फिरतात, त्यामुळे मुलं खूश. त्यावर 'जी.आय.पी.' किंवा 'बी.बी. अँड सी.आय.' असा ठसा असला तर तो दिवा १९५१ च्या आधीचा असायला हवा, कारण त्या वर्षी नोव्हेंबरात या रेल्वेंची मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली. पण ठसा मारणं सोपं असतं. काचा फिरवायची कळ हाताने झिजलीय का आणि आत काजळीचा जुना थर आहे का, हे ठशाइतकंच महत्त्वाचं.

दुसरी अक्षरं मात्र वाचून हात मागे घ्यावा अशी. समईच्या बैठकीवर किंवा लामणदिव्याच्या तबकावर कुणीतरी अमक्या देवाला अर्पण केल्याची ओळ असते. देवळातून अशी वस्तू बाजारात कशी आली याचं समाधानकारक उत्तर आणि कागद मिळाला नाही, तर ती कितीही देखणी असो, मी घेत नाही. ज्या गाभाऱ्यासाठी ती दिली गेली, तिथेच तिचा उजेड पडायला हवा.

७. विजेच्या जुन्या दिव्याची वायर बदलायचीच

यात तडजोड नाही. सुती वेष्टणाची पीळदार वायर दिसायला गोड असते, पण आतलं रबर वाळून पापडासारखं तडकलेलं असतं. धातूच्या दिव्याला तीन तारांची नवी वायर घाला, तिसरी तार दिव्याच्या अंगाला अर्थिंगसाठी जोडा आणि तीन पिनांचा प्लग लावा. आता कापडी वेष्टणाची नवी वायरही मिळते, त्यामुळे रूप बिघडत नाही. बेकेलाइटचा होल्डर तडकला नसेल तर शोभेपुरता राहू द्या, वीज नव्या होल्डरमधून जाऊ द्या.

परदेशातून आलेल्या दिव्याला बहुधा आट्यांचा होल्डर असतो, आपल्याकडे पिनांचा. अमेरिकेतला दिवा कमी दाबाच्या विजेसाठी बनलेला, म्हणून त्याची वायर, स्विच, होल्डर सगळं इथलं बसवून मगच लावा.

तेलाचा दिवा विजेवर करताना त्याला भोक पाडू देऊ नका. बर्नरच्या जागी बसणारा होल्डर मिळतो, वायर त्याच्या बाजूने बाहेर काढता येते. उद्या कुणाला तो पुन्हा रॉकेलवर लावायचा असला तर लावता आला पाहिजे. भोक पडलं की दिव्याची किंमतही गळते.

८. बल्बवर कंजुषी नको

सुंदर हंडीत पांढराफटक बल्ब घातला की हॉल दवाखान्यासारखा दिसतो. २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी घ्या. जुनी ज्योत मंदच असे, तेव्हा ४ वॉटचा बल्ब पुष्कळ झाला. बंद हंडीत एलईडी तापतो आणि लवकर जातो, म्हणून हवेला वाट असलेली हंडी बरी.

९. पेट्रोमॅक्स घरात पेटवू नका

लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती अनेकांना हवी असते. जरूर घ्या, पण बंद खोलीत पेटवायची नाही. विषारी वायू साठतो. जुन्या बत्तीबरोबर जुनं मँटल आलं तर तेही जपून. पूर्वीच्या मँटलमध्ये थोरियम असे आणि ते किरणोत्सारी आहे. हातात चुरगाळू नका, त्याची भुकटी नाकात जाऊ देऊ नका.

१०. चिंच आवरा

जुनं पितळ घरात आलं की पहिली झडप चिंचेची किंवा पावडरची. देवघरातल्या रोजच्या समईला घासायलाच हवं, तिचा तो संस्कारच आहे. पण जुनी वस्तू म्हणून घेतलेल्या दिव्यावरचा तपकिरी साय धरलेला रंग तयार व्हायला पिढ्या जातात आणि निघायला एक दुपार पुरते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच करा. डाग काढायला, झाळायला अनुभवी हात हवा. पुण्यात तांबट आळीत चौकशी केली तर सापडतो.

११. शंभर वर्षांचा दिवा विमानात चढत नाही

माझी भाची अमेरिकेत असते. आजीचा लामणदिवा न्यायचा तिचा हट्ट. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षांच्या अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तसं प्रमाणपत्र घेऊन ती नेता येते. आजीचा दिवा इथेच राहिला आणि भाची नवा घडवलेला घेऊन गेली. तिच्या दारात तोही तितकाच उजेड देतो, हे मी तिला मुद्दाम बजावलं.

१२. शेवटचा प्रश्न: "लावून दाखवता?"

भाव ठरायच्या आधी हा प्रश्न विचारा. विजेचा दिवा असला तर दुकानात प्लग असतोच. तेलाचा असला तर घरून वात आणि चमचाभर तेल नेता येतं. तबक गळतं का, ज्योत थरथरते का, सावली कुठे पडते, हे तिथे पाच मिनिटांत दिसतं. मग मनातल्या मनात तो दिवा आपल्या कोपऱ्यात ठेवून बघा. वय, वाडा, बैठक, मोर या सगळ्याचे पैसे त्यानंतर मोजा. घरात असे दोनच दिवे असले तरी चालतील; रोज लागले पाहिजेत. नुसते मांडून ठेवायचे असतील, तर संग्रहालयात ते आपल्यापेक्षा चांगले मांडलेले आहेत.