गच्चीखालची खोली: आधी चुना, मग बोर्ड

सर्वांत वरच्या मजल्यावर एसी पुरत नाही म्हणून दीड टनाऐवजी दोन टनाचा घ्यायला निघाला असाल, तर आधी वही-पेन घ्या.

नागपूरचा मे महिना धरू. खोली 10 बाय 12 फूट, म्हणजे 11.15 चौरस मीटर. स्लॅब पाच इंची. जाडी मीटरमध्येच लिहा, बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो: 0.125. तिला काँक्रीटच्या उष्णतावाहकतेने, 1.58 ने भागा. उत्तर 0.08, हा स्लॅबचा उष्णतारोध. छताला खालून चिकटलेल्या हवेच्या थराचा रोध 0.17. एवढा जाडजूड स्लॅब, पण त्याच्या दुपटीने उष्णता अडवते ती हवा! एकूण 0.25.

दुपारी गच्चीचा पृष्ठभाग 60 अंश आणि खोली 28, तर फरक 32. क्षेत्रफळ गुणिले फरक, भागिले रोध: साधारण 1,430 वॅट. एक टन म्हणजे सुमारे 3,500 वॅट, तेव्हा जवळपास 0.4 टन नुसत्या छतातच जातो.

चुन्याने गच्ची पांढरी केली आणि पृष्ठभाग 45 वर आला, तर फरक 17 आणि उष्णता 760 वॅट. वाचले 670. एसी एक युनिट विजेत सव्वातीन युनिट उष्णता बाहेर टाकतो असे धरा, अशी तापलेली दुपार रोज सहा तास, उन्हाळा 90 दिवस: सुमारे 110 युनिट. दहा रुपये दराने 1,100 रुपये. चुन्यात डिंक घाला. तरी पावसाळ्यात तो धुपतोच, दर फेब्रुवारीत पुन्हा मारावा लागेल.

आता 50 मिलिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे उष्णतारोधक फोमचा बोर्ड. वाहकता 0.03, म्हणून रोध 1.67 ने वाढतो आणि पांढऱ्या गच्चीवरही उष्णता 100 वॅटवर येते. आणखी तेवढीच, 1,100 रुपयांची बचत. कंत्राटदाराने चौरस फुटाला 120 रुपये सांगितले, तर खर्च 14,400. वसुलीला तेरा वर्षे! केवळ बिलासाठी बोर्ड बसवू नका, असेच मी सांगेन.

एसी नसेल, तर मात्र माझे मत वेगळे. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. बोर्ड वर बसवला, की स्लॅब फारसा तापतच नाही. त्या खोलीत म्हातारी माणसे किंवा तान्हे बाळ झोपत असेल, तर हे 14,400 रुपये आधी काढा.