भूछत्रांचे पोषणमूल्य : तुलना कशी करावी?

भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात वारुळावरच्या सात्या खाल्ल्या जातात; धिंगरी अळंबी धानाच्या तणसावर घेता येते, तर बटण अळंबी दुकानांतून मिळते. यांपैकी अधिक पौष्टिक कोणती, असे रुग्ण विचारतात.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात पलाल, ऊस, शेण, वेळू व भूमी या उत्पत्तिस्थानांवरून भूछत्रांचे गुण सांगितले आहेत. पलालज मधुर व रूक्ष, भूमिज गुरू. यानुसार धिंगरी पलालज, तर सात्या भूमिज ठरतात, असे आम्हांस वाटते.

आधुनिक पृथक्करणानुसार ताज्या बटण व धिंगरी अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी आणि १०० ग्रॅममागे जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने असतात. तंतू व नायसिन धिंगरीत अधिक. वाळलेल्या धिंगरीत प्रथिने १५ ते ३० टक्के दिसतात. परंतु ही केवळ पाणी आटल्याची किमया होय. दहा ग्रॅम चूर्णातून फार तर ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणून ताज्याची तुलना ताज्याशीच करावी. कुपोषित बालकास वा गर्भिणीस डाळीऐवजी अळंबीचूर्ण सुचवू नये. औषधविक्रेत्यांनीही वेष्टनावरील टक्केवारीसोबत मात्रा पाहावी.

अळंबी नीट शिजवूनच द्यावी. मंदाग्नी व पीनस असता टाळावी. चरकाचार्यांनी सर्पच्छत्रक वर्ज्य सांगितले आहे. काही विषारी भूछत्रांचे विष उकळूनही नष्ट होत नाही. यास्तव अनोळखी रानभूछत्र, ते कितीही पौष्टिक भासले तरी, पथ्यात सांगू नये.