मिश्री आणि म्हातारपणचे दात

उपदेशकाच्या १२ व्या अध्यायात म्हातारपणाचे चित्र आहे. त्यात दळणाऱ्या बायका कमी होतात. त्या म्हणजे आपले दात. धाडकडच्या वाड्या-वस्त्यांवर पुष्कळ आजीबाई ते मिश्रीने घासतात. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. तिने ठणका दबतो म्हणून ती औषध वाटते; पण हिरड्या खराब होतात, कर्करोगही होऊ शकतो. दात गेले तरी मिश्री सुटत नाही, हे खरे दुखणे.

भेटीला जाल तेव्हा प्रार्थनेनंतर आजींना आ करायला सांगा. पांढरा चट्टा किंवा १५ दिवसांत न भरलेली जखम दिसली, तर दुखत नसली तरी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात न्या. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. बोळक्या तोंडाच्या हिरड्याही ओल्या फडक्याने रोज पुसाव्यात.