घरातील कागद व गावचा इतिहास
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश : गावच्या इतिहासाची साधने घरोघरी असतात हे विद्यार्थ्यांस कळावे, आणि ती न हलविता त्यांची नोंद कशी करावी हे त्यांनी प्रत्यक्ष करून शिकावे.

विषयप्रवेश : सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. महाराष्ट्रात इतरही गावांतून त्या युद्धाच्या स्मृतिशिळा आढळतात. गावातून किती माणसे गेली व किती परतली नाहीत, एवढा आकडा त्यांवर कोरलेला असतो. त्या माणसांची पत्रे, पदके, छायाचित्रे मात्र वारसांच्या पेटीत असतात. ती पेटी पावसाने भिजली किंवा रद्दीत गेली, म्हणजे मागे केवळ आकडा उरतो.

विवेचन : असे कागद मागितले असता लोक देत नाहीत, व ते रास्तच आहे. पणजोबांची एकुलती आठवण परक्याच्या हाती कोण सोपवील? इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाने २००८ साली यावर तोड काढली. ग्रंथालये व संग्रहालये यांच्या साह्याने लोकांस घरच्या वस्तू घेऊन बोलाविण्यात आले. तेथेच छायाचित्रे घ्यावयाची, हकीगत लिहून घ्यावयाची आणि वस्तू ज्याची त्यास परत द्यावयाची, अशी ती पद्धत होती. याप्रमाणे साडेसहा हजारांहून अधिक नोंदी जमून त्या सर्वांस पाहावयास खुल्या झाल्या. पुढे २०११ पासून जर्मनीत व युरोपातील इतर देशांतही हीच पद्धत अनुसरण्यात आली. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद मिळविले व १८९८ पासून ते छापून प्रसिद्ध केले. आज तेच काम मूळ कागद घराबाहेर न नेता होऊ शकते.

कृती :

१. घरमालकाची संमती लेखी घ्यावी. जमिनीच्या वादाचे किंवा खाजगी कागद दाखविण्याचा आग्रह धरू नये.

२. कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी उलगडावा. घडी चिकटली असल्यास ओढू नये. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये.

३. उजेडाच्या परंतु ऊन न येणाऱ्या जागी, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पाकीट व शिक्के वगळू नयेत. मोडी वाचता न आली तरी छायाचित्र घ्यावे. जाणकार पुढे वाचील.

४. प्रत्येक छायाचित्रास क्रमांक द्यावा व वहीत त्याच क्रमांकाखाली लिहावे : कागद कोणाच्या घरचा, कोणाविषयी, माहिती कोणी सांगितली, दिनांक काय. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावी.

५. एक प्रत घरमालकास, एक शाळेत व एक गावच्या किंवा तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी. जिल्ह्यात संग्रहालय असल्यास नोंदींची यादी तेथेही कळवावी.

शिक्षकांस सूचना : चौथ्या कृतीस सर्वाधिक वेळ द्यावा. छायाचित्र कोणीही, केव्हाही घेऊ शकेल. पण पत्र कोणाचे हे सांगणारी आजी पुढील वर्षी असेलच असे नाही. म्हणून एका वर्गाने एका सत्रात दोनच घरे घ्यावीत, परंतु त्यांची टिपणे पूर्ण करावीत.