ध्यानाला बसतो, पण मन लागत नाही

इगतपुरीहून दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेली मंडळी पहिल्यांदा दवाखान्यात येतात तेव्हा चेहऱ्यावर तजेला असतो, झोप सुधारलेली असते, कधी कधी रक्तदाबही थोडा उतरलेला असतो. तीच माणसं काही महिन्यांनी येतात तेव्हा ध्यानाचा विषय मलाच काढावा लागतो. "बसतो डॉक्टर, पण मन लागत नाही. विचारच विचार येतात, नाहीतर डुलकी लागते. आधी छान जमत होतं, आता नुसता कंटाळा येतो." नामस्मरण करणारे, श्वासावर लक्ष ठेवणारे, मोबाइलवरच्या ॲपवर ध्यान शिकलेले, सगळे हेच सांगतात. आजचा सल्ला या टप्प्यावर अडलेल्या वाचकांसाठी आहे. तुमचं काही बिघडलेलं नाही. पण बसत राहण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

शिबिरातल्या ध्यानाशी घरच्या ध्यानाची तुलना करणं आधी थांबवा. तिथे पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास साधना असते, मौन असतं, मोबाइल जमा केलेला असतो आणि जेवण आयतं मिळतं. घरी कुकरच्या शिट्ट्या असतात, मुलांचे डबे असतात, आठ बावीसची लोकल असते. तिथल्या शांततेत त्या सगळ्या व्यवस्थेचा वाटा मोठा होता. या परंपरेत घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर बसावं. पण तासभर जमत नाही म्हणून पूर्णच सोडून देणारे माझ्याकडे फार येतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्यांना मी सांगतो, पंधरा मिनिटं बसा, पण रोज बसा.

पतंजलींच्या योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांत पहिला आहे व्याधी आणि दुसरा स्त्यान, म्हणजे मनाला आलेली सुस्ती. संशय, आळस वगैरे त्यानंतर येतात. हा क्रम मला डॉक्टर म्हणून फार मोलाचा वाटतो. ध्यानात मन लागत नाही म्हटलं की आपण लगेच स्वतःला आळशी ठरवतो, इच्छाशक्ती कमी पडली म्हणतो. आधी शरीराकडे बघायला हवं.

डोळे मिटले की पाच मिनिटांत मान कलंडते? मग रात्रीच्या झोपेचा हिशोब मांडा. साडेबाराला झोपून पाचला ध्यानासाठी उठणाऱ्याला डुलकी येणारच, तिथे साधनेचा काही दोष नाही. झोप पुरेशी होऊनही दिवसा पेंग येत असेल आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्याने घोरता, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन बघावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इतक्या घराघरांत थकवा मुरलेला असताना तो ध्यानाच्या आसनावर दिसणारच. थायरॉइड मंदावणं, शाकाहारी लोकांमधली बी-12 ची कमतरता, ताबा सुटलेली साखर, यांनीही असाच जडपणा येतो. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. काही वेळा गोळी घ्यायची वेळ बदलली की सकाळ मोकळी होते. ते मात्र डॉक्टरांना विचारून करा.

बसण्याचंही तसंच. गुडघे झिजलेले असताना मांडी घालण्याचा हट्ट धरला तर लक्ष श्वासावर कसं राहील? पाठ ताठ राहील अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकू द्या. मांडी घातल्यावर पायाला मुंग्या येतात, त्या उठल्यावर थोड्या वेळात जायला हव्यात. बधिरपणा टिकून राहिला किंवा चालताना पाऊल पुढून उचलता येईना, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबलेली असू शकते. ती वेदना साक्षीभावाने पाहत बसू नका, दाखवायला या.

शरीराचं सगळं ठीक निघालं तरी कंटाळा उरतोच, आणि खरी कसोटी तिथे आहे. पहिल्या आठवड्यांत ध्यान नवं असतं आणि मेंदूला नव्या गोष्टीचं आकर्षण असतं. तोच श्वास, तीच जागा, तीच वेळ रोज आली की ते आकर्षण ओसरतं. कंटाळा येतो तो यामुळे. शिवाय अनेकांना वाटतं की ध्यान सुरू केल्यापासून विचार वाढलेत. बहुधा विचार तेवढेच असतात, आता ते दिसू लागलेले असतात. 2010 मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता मन कुठे आहे. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे मन भटकणं ही त्याची रोजचीच रीत आहे. तुम्ही बसलात म्हणून ते बिघडत नाही.

2012 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. श्वासावर लक्ष ठेवायचं आणि मन भरकटल्याचं कळलं की बटण दाबायचं, एवढंच काम होतं. त्यात एक चक्र दिसलं: मन भरकटतं, ते लक्षात येतं, लक्ष परत वळवलं जातं, थोडा वेळ टिकतं, पुन्हा भरकटतं. या प्रत्येक टप्प्यावर मेंदूतल्या वेगवेगळ्या जाळ्यांचं काम वाढलेलं होतं. भरकटल्याचं लक्षात येणं आणि परत येणं, हेच ध्यानाचं काम आहे. वीस मिनिटांत तीस वेळा मन पळालं आणि तीस वेळा तुम्ही ते परत आणलंत, तर तीस वेळा व्यायाम झाला. गुडघ्याच्या दुखण्यात फिजिओथेरपिस्ट मांडीचा स्नायू ताणून धरायला लावतात, तो व्यायाम कोणालाच रंजक वाटत नाही, पण जिना चढताना त्याचा उपयोग कळतो. ध्यानाचा उपयोगही आसनावर शोधू नका. सून उलट बोलली तेव्हा उत्तर द्यायला किती वेळ घेतलात, रात्री दोनला जाग आल्यावर पुन्हा झोप लागली का, हे बघा. घरच्यांना विचारा. त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं.

फायद्याबद्दलही सरळ बोलू या, कारण अवास्तव अपेक्षेनेच फार जण मध्येच सोडतात. 2014 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत सजगतेच्या ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. औषधं किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र त्यात मिळाला नाही. एवढी सुधारणा मला कमी वाटत नाही. वर्षानुवर्षं छातीत धडधड घेऊन जगणाऱ्याला तिचा फार आधार असतो. पण ती सावकाश येते. वैद्यकीय क्षेत्रात सर्वाधिक अभ्यासला गेलेला कार्यक्रम, जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला, आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात घरी रोज सराव करावा लागतो. दुसऱ्या आठवड्यात निकाल मागू नका.

आता रोजच्या नेमाबद्दल. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा एखाद्या कामाला बांधा: दात घासल्यावर, देवापुढे दिवा लावल्यावर, ऑफिसातून येऊन हातपाय धुतल्यावर. जेवल्या जेवल्या बसू नका. फार सुस्ती असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवा, तोंडावर पाणी मारा, किंवा त्या दिवशी दहा मिनिटं सावकाश चालत पावलांवर लक्ष ठेवा. फार तगमग असेल तर उच्छ्वास थोडा लांबवा आणि दहापर्यंत श्वास मोजा. कंटाळा आला तर तोच न्याहाळा. तो शरीरात कुठे जाणवतो, छातीत की कपाळावर, किती वेळ टिकतो? मात्र दर पंधरवड्याला पद्धत बदलू नका. कंटाळ्यावर नवं ॲप, नवे गुरू, नवा मंत्र हा उतारा चार दिवसच चालतो.

खंड पडणारच. लग्नकार्य, आजारपण, परीक्षा, गणपती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून दिवसांची अखंड साखळी मोजणाऱ्या ॲपमुळे मन खट्टू होत असेल तर ती मोजणी बंद करा. साधी वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं, एवढंच लिहा. चांगलं झालं की वाईट, हे लिहू नका.

चिकाटी कुठे धरायची नाही, हेही सांगायला हवं. ध्यानात जुना आघात पुन्हा समोर उभा राहू लागला, भीतीचे झटके येऊ लागले, आपण किंवा भोवतालचं खरं नाही असं वाटू लागलं, झोप उडाली, तर थांबा. तुमच्या आचार्यांना आणि डॉक्टरांना सांगा. बायपोलर विकार किंवा सायकोसिस होऊन गेला असेल तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लांब शिबिराला जाऊ नका. आणि कंटाळा फक्त ध्यानाचा नसेल, आवडीचं जेवण, नातवंडं, गाणं, कशातच दोन आठवडे रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा, सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.

ध्यान जमू लागलं म्हणून रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची गोळी परस्पर बंद करू नका. पुढच्या तपासणीला घरी मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी आणि ती वही घेऊन या. डोस कमी करता येतो का, ते दोन्ही बघून ठरवू.