वय पाहताना

1. वय हा निकष गरिबाच्या बाजूने उभा राहू शकतो. 1 मार्च 2021 ला साठीपुढच्यांचं कोविड लसीकरण सुरू झालं, तेव्हा मी पालिकेच्या केंद्रावर स्वयंसेवक होते. साठीपुढच्यांनी आधार कार्ड दाखवलं की काम व्हायचं, तिथे वशिला चालत नव्हता. 45 ते 59 वयाच्यांना मात्र ठरावीक 20 आजारांपैकी एकाचं डॉक्टरी प्रमाणपत्र लागे. ज्यांचे नेहमीचे डॉक्टर होते, ते दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर. ज्या बायकांनी जन्मात रक्त तपासलं नव्हतं, त्यांची साखर कितीही असो, कागदावर ती नव्हतीच.

2. वय पाहून आधी द्यावं. वय पाहून कुणाची भाकरी अडवू नये. 2020 मध्ये कोविडकाळात चित्रीकरणाला पुन्हा परवानगी देताना राज्य सरकारने 65 वर्षांपुढच्या कलाकार-कामगारांना सेटवर मनाई केली. सत्तरीचे एक अभिनेते मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. त्याच वयाच्या माणसाला दुकान उघडायला बंदी नव्हती, मग सेटवरच का? आणि कमावूच दिलं नाही, तर त्याने सन्मानाने जगायचं कसं? ज्येष्ठांना धोका जास्त होता, हे खरंच. पण धोका समजावून सांगणं आणि दार बंद करणं यांत फार अंतर आहे.

3. वयाबरोबर कामही पाहायला हवं होतं. मे 2021 मध्ये लस अपुरी पडली आणि राज्याने 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण थांबवून साठा 45 पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. मला तो निर्णय तेव्हाही पटला, आजही पटतो. कोविडमध्ये जीव जाण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. तरी पार्सल पोचवणारी पोरं केंद्राच्या फाटकावरून परत जाताना पाहवत नव्हती. दिवसभर लोकांच्या दारात जायचं आणि रात्री आजीशेजारी एका खोलीत झोपायचं. आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांना जागा नव्हती.

4. मुलांचं देणं अजून फिटलेलं नाही. त्यांना आजाराचा धोका सर्वांत कमी होता, तरी मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग मार्च 2020 मध्ये बंद झाले ते 15 डिसेंबर 2021 ला उघडले. हे मुख्यतः आम्हा मोठ्यांना वाचवण्यासाठी होतं. संध्याकाळी माझ्याकडे वाचन शिकायला येणाऱ्या मुलांपैकी काहींची पहिली-दुसरी मोबाइलवर झाली. काहींच्या घरी तोही नव्हता.